पेटंट हातात आलं, राखण कोणी करायची?

मोटारीच्या काचेवरचा वायपर एकदा फिरतो, काही सेकंद गप्प पडून राहतो आणि पुन्हा फिरतो. रिमझिम पावसात ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कुणाला तरी सुचली असेल हे डोक्यातही येत नाही. ती सुचली रॉबर्ट कर्न्स या डेट्रॉइटच्या अभियंत्याला. त्यानं १९६४ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ मध्ये पेटंट मिळालं. दरम्यान फोर्डच्या अभियंत्यांना त्यानं आपली रचना दाखवली होती. बोलणी पुढे सरकली नाहीत, पण १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांवर तसेच थांबून-थांबून चालणारे वायपर दिसायला लागले. पाठोपाठ इतर कंपन्यांच्या गाड्यांवरही.

कर्न्सनं फोर्डवर दावा लावला १९७८ मध्ये. निकाल आला १९९० मध्ये. पेटंट खरं आहे आणि फोर्डनं त्याचा भंग केला, पण जाणूनबुजून केला नाही, असं ज्युरीचं म्हणणं पडलं. तडजोडीत त्याला १ कोटी २ लाख डॉलर मिळाले. क्रायस्लरविरुद्धचा खटला तो स्वतःच वकील होऊन लढला आणि १९९२ मध्ये तोही जिंकला. तोवर त्याचा संसार मोडला होता आणि मूळ पेटंटची मुदत १९८४ मध्येच संपून गेली होती. त्याला कारखाना काढायचा होता, आपले वायपर आपणच बनवून मोटार कंपन्यांना विकायचे होते. ते राहूनच गेलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पेटंटवाल्याची अडचण अशी की त्याला चढायला दुसरी पायरीच नसते. हे का, ते कळलं की अमेरिकेत गेली वीस वर्षं पेटंट कायद्याच्या सुधारणांवरून काय भांडण चाललं आहे तेही कळतं.

पेटंट मिळालं म्हणजे ती वस्तू बनवायची परवानगी मिळाली, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. पेटंट देतं ते दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. तुमची वस्तू आणखी कुणाच्या पेटंटमध्ये मोडत असेल तर तुमचं स्वतःचं पेटंट असूनही तुम्हाला ती बनवता येणार नाही. आणि अडवायचं ते तुम्हीच. सायकल चोरीला गेली तर पोलिसात तक्रार देता येते. पेटंटचा भंग हा अमेरिकेत फौजदारी गुन्हाच नाही. भंग होतोय हे आपण शोधायचं, आपण नोटीस पाठवायची, आपण दिवाणी दावा लावायचा. सरकार कुंपणाचा नकाशा शिक्का मारून देतं. राखण मालकानं करायची.

हा नकाशा म्हणजे पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेले दावे, इंग्रजीत ‘क्लेम’. कोर्टात लावायचा दावा तो वेगळा. आधीची आकृत्यांची आणि वर्णनाची पानं कितीही असोत, हद्द ठरते ती या दाव्यांवरून. एकेक दावा म्हणजे एकच लांबलचक वाक्य, आणि त्यातल्या एकेका शब्दावर पुढे वर्षानुवर्षं कज्जे चालतात.

या हक्काची किंमत संशोधक पैशात भरतो त्याहून जास्त माहितीत भरतो. शोध कसा चालतो हे त्यानं पूर्ण उघड करून सांगायचं, म्हणजे मुदत संपल्यावर तो सगळ्यांचा होईल. आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्धही होतो. म्हणजे पेटंट पदरात पडायच्या आधीच प्रतिस्पर्ध्याच्या हातात तुमची कृती पडलेली असते. मोठ्या कंपनीला याचं फारसं काही वाटत नाही, कारण तिच्याकडे कारखाना असतो, दुकानांशी संबंध असतात, पगारी वकील असतात. एकांड्या शिलेदाराकडे फक्त तो कागद असतो.

कागदाची प्रथा अमेरिकेत राज्यघटनेइतकीच जुनी. १७८७ च्या घटनेत लेखक आणि संशोधक यांना ठरावीक काळापुरता एकाधिकार देण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे. पहिला कायदा १७९० चा. तेव्हाच्या इंग्लंडच्या मानानं शुल्क अगदी किरकोळ होतं, त्यामुळे कारागीर आणि शेतकरीही अर्ज करू शकत. अब्राहम लिंकन यांच्या नावावरही १८४९ चं एक पेटंट आहे, उथळ पाण्यात रुतलेल्या होड्या उचलण्याच्या युक्तीचं. ती युक्ती बाजारात कधीच आली नाही, हे जाता जाता.

मग बिघडलं कुठे? गोष्टीचं दुसरं टोकही बघायला हवं, कारण तिथल्या लोकांची तक्रार खोटी नव्हती.

इंटरनेटच्या भरभराटीत सॉफ्टवेअरची आणि धंद्याच्या पद्धतींची ढोबळ, संदिग्ध पेटंटं हजारोंनी दिली गेली. ती विकत घेऊन, स्वतः काहीही न बनवता, दिसेल त्याला नोटिसा पाठवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांना ‘पेटंट ट्रोल’ हे नाव पडलं. २०१३ च्या सुमारास अशाच एका कंपनीनं हजारो छोट्या कार्यालयांना पत्रं धाडली होती: तुम्ही कागद स्कॅन करून थेट ईमेलनं पाठवता, ती आमची पद्धत आहे, तेव्हा माणशी हजारेक डॉलर भरा. व्हरमाँट राज्यानं त्यावर ग्राहकांच्या फसवणुकीचा दावा लावला. ही सरळसरळ खंडणी होती. ती चालायची याचं कारण साधं होतं. पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढायचा तर खर्च सहज दहा लाख डॉलरच्या पुढे जातो, आणि अमेरिकेत जिंकणाऱ्यालाही वकिलाचा खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो. त्यापेक्षा मागितलेले पैसे देऊन मोकळं होणं स्वस्त पडतं.

मोठ्या कंपन्यांची धास्ती वेगळी होती. २००६ च्या मार्चमध्ये ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन कंपनीनं एनटीपी नावाच्या कंपनीला ६१ कोटी २५ लाख डॉलर दिले. एनटीपीकडे एका अभियंत्याच्या, वायरलेस ईमेलच्या पेटंटांखेरीज काहीच नव्हतं. गंमत म्हणजे पेटंट कार्यालय त्याच पेटंटांची फेरतपासणी करत होतं आणि प्राथमिक पातळीवर ती फेटाळतही होतं. पण कोर्टाचा मनाई हुकूम आला तर सगळी ब्लॅकबेरी सेवाच बंद पडणार, या भीतीनं कंपनीनं हात टेकले.

मनाई हुकूम हे पेटंटवाल्याचं खरं शस्त्र. नुकसानभरपाई घडून गेल्याबद्दल मिळते, हुकूम पुढचं थांबवतो. भंग सिद्ध झाला की हा हुकूम जवळपास आपोआप मिळायचा. त्याच वर्षी मे महिन्यात ईबे विरुद्ध मर्कएक्स्चेंज या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा आपोआपपणा काढून टाकला. भरून न येणारं नुकसान होतंय का, पैशानं भागणार नाही का, हुकमाचा जाच कुणाला जास्त होईल आणि लोकहित कशात आहे, हे चार प्रश्न आधी सोडवा, मग हुकूम द्या, असा निकाल आला.

ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण पहिले दोन प्रश्न एकांड्या संशोधकाला लावून बघा. त्याचा कारखाना नाही, म्हणजे बाजारातलं गिऱ्हाईक गेलं असं त्याला म्हणता येत नाही. तो परवाना द्यायला तयार होता, म्हणजे पैशानं भागत होतं की! या निकालपत्रातच विद्यापीठातले संशोधक आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले शोधक यांचा उल्लेख आहे. ते स्वतः उत्पादन न करता परवाना देणं पसंत करत असतील, तेवढ्यावरून त्यांना हुकूम नाकारू नका, असं बजावलं आहे. प्रत्यक्षात खालच्या कोर्टांत झालं ते असं: स्वतः वस्तू बनवणाऱ्याला हुकूम मिळतो, न बनवणाऱ्याला क्वचितच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच प्रकार. ट्रोल काही बनवत नाही आणि भांडवल नसलेला संशोधकही काही बनवत नाही. कायद्याला दोघे सारखेच दिसले.

एकदा हुकमाची भीती गेली की मोठ्या कंपनीचा हिशेब बदलतो. आज परवाना मागितला तर रॉयल्टी द्यावी लागणार. न मागता वापरलं तर दहा वर्षांनी कदाचित, आणि तीही समोरच्याची लढायची ऐपत असेल तरच, तेवढीच रॉयल्टी द्यावी लागणार. या वागण्याला अमेरिकेत ‘कार्यक्षम उल्लंघन’ असं गोंडस नावसुद्धा आहे.

यानंतर आला २०११ चा मोठा कायदा, अमेरिका इन्व्हेंट्स ॲक्ट. सप्टेंबरमध्ये ओबामांनी त्यावर सही केली. त्यातल्या दोन गोष्टींवर स्वतंत्र संशोधक सर्वांत जास्त चिडले. माझ्या मते त्यातल्या एकीवरचा राग थोडा अतिशयोक्त आहे आणि दुसरीवरचा बराचसा खरा.

पहिली गोष्ट म्हणजे आधी कोणाला सुचलं याऐवजी आधी अर्ज कोणी केला हे बघणं. १६ मार्च २०१३ पासून हा नियम लागू झाला. जगातल्या बहुतेक देशांत आधीपासून तसंच होतं. टीका अशी की वकिलांची फौज असलेली कंपनी अर्जाच्या शर्यतीत नेहमीच पुढे राहणार. पण जुना नियम गरिबाचा कैवारी होता, हेही तितकंसं खरं नाही. गॉर्डन गोल्ड यांचंच बघा. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी लेसरची कल्पना वहीत लिहून काढली. लेसर हा शब्दही त्याच वहीतला. पानांवर नोटरीचा शिक्का घेतला. पेटंटसाठी आधी चालतं यंत्र बनवावं लागतं, अशी त्यांची चुकीची समजूत झाली आणि अर्ज गेला १९५९ च्या एप्रिलमध्ये. तोवर टाउन्स आणि शॉलो या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये अर्ज केलेला होता. गोल्ड यांच्याकडे आधीची तारीख घातलेली वही होती, कायदाही ‘आधी सुचलं त्याचं’ असाच होता, तरी त्या वादात ते हरले. कल्पना सुचल्यापासून अर्ज करेपर्यंत त्यांनी सतत, नेटानं काम केल्याचा पुरावा कोर्टाला पुरेसा वाटला नाही.

पुढे गंमत झाली. लढता लढता १९७७ मध्ये त्यांना लेसरचं महत्त्वाचं पेटंट मिळालं. तेव्हा मुदत पेटंट दिल्याच्या तारखेपासून १७ वर्षं मोजत. मधल्या काळात लेसरचा धंदा प्रचंड वाढला होता, त्यामुळे उशीर झाल्याचाच त्यांना फायदा झाला आणि लाखो डॉलरची रॉयल्टी मिळाली. हीच फट काही जणांनी मुद्दाम वापरली. अर्ज कार्यालयात वर्षानुवर्षं भिजत ठेवायचा आणि उद्योग उभा राहिला की पाणबुडीसारखं वर यायचं. १९९५ मध्ये मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजायला लागले आणि हा खेळ बंद झाला. एकच नियम कुणाला न्याय देतो आणि कुणाला लबाडीला वाव, हे असं आहे.

अर्जाच्या शर्यतीत लहान माणसासाठी एक सोयही आहे. १९९५ पासूनच अमेरिकेत तात्पुरता अर्ज करता येतो. त्यात दावे लिहावे लागत नाहीत, शुल्क कमी असतं, तारीख आपली होते आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. फक्त त्यात शोधाचं वर्णन नीट, सविस्तर हवं. अर्धवट लिहिलं तर मिळालेली तारीखही अर्धवटच. स्वतःच शोध जाहीर केला तर अमेरिकेत अर्जासाठी वर्षभराची सवलत मिळते, पण युरोपात अर्जाआधी जाहीर वाच्यता झाली की साधारणपणे हक्क गेलाच. त्यामुळे आधी अर्ज, मग प्रदर्शन, हा क्रम मोडू नये. शुल्कातही सूट आहे. कमी उत्पन्नाच्या आणि मोजकेच अर्ज केलेल्या संशोधकाला ती २०११ च्या कायद्यानं ७५ टक्के दिली, २०२२ च्या कायद्यानं ८०. शुल्क हा खरं तर एकूण खर्चातला लहान भाग. खरा खर्च वकिलाचा.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे खरं दुखणं. २०१२ च्या सप्टेंबरपासून पेटंट कार्यालयातच एक मंडळ काम करू लागलं. दिलेलं पेटंट चुकून दिलं गेलं, हे आधीच माहीत होतं किंवा उघडच सुचण्यासारखं होतं, असा अर्ज मालक सोडून कोणीही त्या मंडळापुढे करू शकतो. पुरावा म्हणून जुनी पेटंटं आणि छापील साहित्य दाखवायचं. पेटंट नवं असेल तर इतर कारणांवरही आव्हान देता येतं. कोर्टापेक्षा हे जलद आणि स्वस्त, आणि वाईट पेटंटं काढून टाकायला उपयोगी, यात शंका नाही. स्कॅनरवाल्या नोटिशीसारख्या प्रकरणांवर हाच उतारा.

खोच पुराव्याच्या मापात आहे. कोर्टात पेटंट खरं आहे असं धरून चालतात आणि ते पाडणाऱ्याला स्पष्ट, खात्रीलायक पुरावा द्यावा लागतो. मंडळापुढे पारडं जरा एका बाजूला झुकलं तरी पुरतं. शिवाय एकच पेटंट वेगवेगळे लोक वेगवेगळ्या अर्जांनी पुन्हा पुन्हा ओढू शकतात. स्वस्त म्हटलं तरी अशा एका अर्जाला उत्तर देण्याचा खर्च लाखो डॉलरच्या घरात जातो. कंपनीच्या अंदाजपत्रकात ही एक ओळ असते, संशोधकाचं घर त्यात गहाण पडतं. फेडरल सर्किट या पेटंटांच्या अपील कोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश रँडल रेडर यांनी २०१३ मध्येच या मंडळांना मालमत्तेच्या हक्कांचे मारेकरी म्हटलं होतं.

जॉश मलोन यांची गोष्ट त्यातली गाजलेली. एकाच वेळी पुष्कळ फुगे पाण्यानं भरणारं एक साधं साधन त्यांनी बनवलं आणि २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून भांडवल गोळा करण्याच्या संकेतस्थळावर आणलं. थोड्याच काळात टेलिब्रँड्स कंपनीचा तसाच माल बाजारात आला. कोर्टात मलोन यांची बाजू सरस ठरत होती आणि त्याच वेळी मंडळानं त्यांचं पेटंट रद्द ठरवलं. कारण काय, तर फुगा ‘बऱ्यापैकी भरला’ म्हणजे नेमका किती, हे दाव्यातून स्पष्ट होत नाही. फेडरल सर्किटनं तो निर्णय पुढे टिकू दिला नाही आणि २०१९ मध्ये ३ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड झाली. मलोन यांना उत्पादक भागीदार मिळाला होता, माल खपत होता, म्हणून ते टिकले. २०१७ मध्ये पेटंट कार्यालयाबाहेर काही संशोधकांनी आपली पेटंटं जाळून निषेध केला, त्यात तेही होते.

मुळात एकदा दिलेला हक्क सरकारी कार्यालयानं परत घ्यावा का? २०१८ मध्ये ऑइल स्टेट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी हो म्हटलं. पेटंट ही सरकारनं दिलेली सनद आहे, पूल बांधून टोल घेण्याची सनद द्यावी तशी, आणि देताना ती परत तपासण्याचा अधिकार सरकार राखून ठेवू शकतं, असं बहुमताचं म्हणणं. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती गोर्सच यांनी सुरुवातच कष्टानं, पदरचे पैसे घालून काहीतरी नवं बनवणाऱ्या माणसाचं चित्र उभं करून केली. त्यांचा मुद्दा, हा हक्क काढायचा तर स्वतंत्र न्यायाधीशापुढे काढा.

सध्याच्या सुधारणांच्या मागण्या दोन जखमांवरच्या आहेत, हातून गेलेला मनाई हुकूम आणि हे मंडळ. ‘रिस्टोअर’ नावाचं विधेयक म्हणतं, भंग सिद्ध झाला की मनाई हुकूम मिळायलाच हवा असं कोर्टानं गृहीत धरावं, नको असेल तर समोरच्यानं कारणं द्यावीत. ‘प्रिव्हेल’ विधेयक म्हणतं, मंडळापुढेही पुराव्याचं माप कोर्टाइतकंच कडक करा, ज्याच्यावर दावा लागला आहे किंवा लागण्याची भीती आहे त्यालाच अर्ज करू द्या, आणि कोर्ट किंवा मंडळ यातलं एकच दार निवडायला लावा. २०२५ मध्ये पेटंट कार्यालयानं स्वतःहूनही असे अर्ज दाखल करून घेताना हात आखडता घ्यायला सुरुवात केली. विरोधकांचं म्हणणं, यातून ट्रोलना पुन्हा रान मोकळं होईल. ते म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण ट्रोल ज्या पेटंटांवर जगतात ती पुष्कळदा एकांड्या संशोधकाकडूनच विकत घेतलेली असतात. ज्याला स्वतः लढणं परवडत नाही त्याला तो ट्रोल एकमेव गिऱ्हाईक असू शकतो.

म्हणून मला या भांडणात फारसं न बोललं जाणारं तिसरंच काहीतरी जास्त कामाचं वाटतं: खटलाच स्वस्त करणं. इंग्लंडमध्ये बौद्धिक संपदेच्या लहान प्रकरणांसाठी वेगळं कोर्ट आहे. तिथे भरपाई जास्तीत जास्त ५ लाख पौंड, आणि हरलात तर समोरच्याच्या खर्चापैकी तुमच्यावर पडू शकणारी रक्कम साधारणपणे ६० हजार पौंडांवर थांबते. सुनावणी दोन-तीन दिवसांत आटपायची असते. म्हणजे दावा लावण्याआधी सर्वांत वाईट काय होईल, याचा आकडा माणसाला कागदावर मांडता येतो. अमेरिकेनं २०२२ मध्ये कॉपीराइटच्या छोट्या तक्रारींसाठी ३० हजार डॉलरपर्यंतचं एक मंडळ सुरू केलं. पेटंटसाठी तसं काही अजून नाही.